माळ्यावरचे आठ दिवस

चाचा,

कंपनीच्या गेटला कुलूप लागलं त्या वर्षापासून आमच्या घरात अख्खा साबण नव्हता. आई खालापूरच्या पुढे एका रिसॉर्टमध्ये खोल्या झाडायला जायची. शनिवार-रविवारची माणसं निघून गेली की बाथरूममध्ये चिमुकले साबण उरायचे, ते ती पिशवीत घालून आणायची. एखादा एकदाच हात धुतलेला, एखाद्याला कुणाचा तरी केस चिकटलेला. ती ते धुवायची, ओले असतानाच एकमेकांवर दाबून एक मोठी वडी करायची आणि पत्र्यावर वाळत टाकायची. तीन रंगांची, चार वासांची वडी. शाळेत शेजारची मुलगी विचारायची, "काय मस्त वास येतो गं तुझा, कुठला साबण?" मी म्हणायचे, "बाहेरचा आहे. इथं मिळत नाही."

बाबांनी कंपनी सुटल्यावर पहिल्यांदा काय विकलं असेल तर मनगटावरचं घड्याळ. "आता पाळी नाय, भोंगा नाय. येळ बघून जायाचंय कुटं?" असं म्हणाले आणि हसले. आम्ही कुणी हसलो नाही. त्यानंतर घरात वेळ कळायची ती आईच्या साध्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल आईबरोबर रिसॉर्टला जायचा. पण गावात जाऊन विचारा, आम्हाला काही कमी पडतंय असं कुणाला कळू दिलंय का. ताठ मान हे एकच सामान आमच्याकडे भरपूर होतं.

यातलं काहीच मी तुम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपलं भांडण झालं नसतं. आणि भांडण झालं नसतं तर खोपोलीच्या शिळफाट्यावरचा एक दुकानदार गेला म्हणून मी आज कागद घेऊन बसलेही नसते.

चाळीस दिवस झाले तुम्हाला जाऊन. सगळे रडून मोकळे झाले. मला अजून रडू आलेलं नाही, नुसता राग येतो. तुमच्या दारात खुर्च्यांवर बसलेली व्यापारी मंडळी त्या दिवशी काय बोलत होती, ऐकायचंय? एक म्हणाला, "मानूस देव होता, पन धंदा कळला नाय." दुसरा म्हणाला, "आलेलं गिऱ्हाईक घरी पाठवायचा! असं कुटं असतंय?" आणि दोघं हसले. मयताच्या दारात हसले. मी चपला घातल्या आणि निघाले, नाहीतर तिथंच माझं तोंड सुटलं असतं.

तुम्ही घरी पाठवत नव्हता, थांबवत होता. हे त्यांना कुणी सांगायचं? आणि थांबवत होता तेही सगळ्यांना नाही. बॅग, घड्याळ, गॉगल, महागाचे बूट, असलं काही घ्यायला एखादं शाळा-कॉलेजातलं पोर एकटं आलं, तरच. दोन्ही हात काउंटरवर टेकून तुम्ही विचारायचात, "गरज का हौस?" गरज म्हटलं की वस्तू लगेच हातात. हौस म्हटलं तरी तुम्ही चिडायचा नाहीत. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर पोराचं नाव आणि वार लिहायचा, आणि स्वतः शिडी चढून ती माळ्यावर ठेवायची. "आठ दिवस तुझ्या नावानं वर हाय. दुसऱ्याला देनार नाय, भाव वाढवनार नाय. आठव्या दिवशी पन पायजे वाटली तर ये, घेऊन जा." पैसे तेव्हा घ्यायचेच नाहीत. आठव्या दिवशी पोर आलं, की एक अक्षर न बोलता वस्तू खाली काढून द्यायची. ना उपदेश, ना टोमणा. पण बरीचशी पोरं परत यायचीच नाहीत. आठ दिवसांत हौस विरून जायची, किंवा दुसरीकडे वळायची, किंवा त्या पैशांचं घरात काहीतरी बरं व्हायचं.

आणि कुणी कुरकुर केली की खिळ्यावरचं ते जाकीट दाखवायचं. "ह्यो बघ माझा शानपना. सतरा वर्सांचा होतो. आब्बांनी मुंबईला धाडला, पावसाआधी छत्र्यांचा माल आनायला. मी काय आनलं? ह्ये. मे महिना, खोपोली, आनि चामड्याचं जाकीट! त्या पावसात आमच्या दुकानात छत्री सोडून सगळं होतं." आब्बांनी हात उगारला नाही, फक्त जाकीट माळ्यावर टाकलं, आठ दिवस. आठव्या दिवशी तुम्ही ते काढायला शिडी चढलात, तर वरून रस्ता दिसला. सगळा शिळफाटा दुसऱ्यांच्या दुकानातल्या छत्र्या उघडून चालला होता. ही गोष्ट सांगताना तुम्ही दर वेळी त्या जाकिटाला एक चापट मारायचात.

पण मी चिडले होते ती ही गोष्ट ऐकण्याच्या फार आधी. तेव्हा मला जाकीट दाखवायची वेळच तुमच्यावर आली नव्हती, कारण मी कुरकुर केली नव्हती.

माझी दहावी. मराठीचा पेपर झाला, इंग्रजीचा झाला. आमच्या वर्गात भिंतीवर घड्याळ होतं, पण बंद. बाई "दहाच मिनिटं राहिली" असं ओरडायच्या तेव्हा कळायचं. भाषेला कसंबसं निभावलं, गणिताला निभणार नव्हतं. मी आईला तेवढंच सांगितलं. तिने डाळीच्या डब्यात ठेवलेली टीप काढून दिली. रिसॉर्टला आलेल्या कुण्या बाईने तिच्या हातावर ठेवलेली. गणिताला तीन दिवस होते.

साधं, तपकिरी पट्ट्याचं घड्याळ. काचेतून मी ते आधीच हेरून ठेवलं होतं. दुकानात आमच्या वर्गातली शीतल होती, तिच्या आईबरोबर चपला बघत. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"कोनाची गं तू?"

"खालापूरच्या अलीकडं राहतो आमी."

"घड्याळ पायजे? ब्येस. गरज का हौस?"

शीतलच्या आईचा एक पाय नव्या चपलेत होता, एक जुन्या. ती माझ्याकडे बघायला लागली. शीतलही. मी 'गरज' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: का गं, घरात घड्याळ नाही? मग बाबांची कंपनी, मग आईचं रिसॉर्ट, मग तीन रंगांचा साबण. सगळं त्या काउंटरवर मांडलं गेलं असतं, चपलांच्या शेजारी.

"हौस!" मी म्हणाले. चांगलं ठसक्यात.

"वा! राजाची लेक हाय," तुम्ही हसलात. "मग जाऊ दे माळ्यावर."

"चाचा, तुमी पन ना," शीतलची आई म्हणाली, "पोरीचं मन कशाला मोडता?"

"मोडत नाय ताई, आढी घालतो. आंबे नाय का घालत माळ्यावर? चांगला असंल तर पिकंल, किडका असंल तर कळंल."

सगळे हसले. मीही हसले. मुठीतली टीप तशीच घेऊन मी घरी आले.

आई म्हणाली, "मी येऊन बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं, "काय नको. तू येऊ नको." शेजारी घड्याळ मागता आलं असतं, तेही मागितलं नाही. ही चूक आमच्यासारख्यांचीच, दुसरं कुणी करणार नाही. पोटभर जेवणारा माणूस हौस सांगायला कधी लाजत नाही. आम्ही मात्र गरजेला हौसेचे कपडे घालून बाहेर नेतो, कारण उघडी गरज घेऊन चारचौघांत उभं राहता येत नाही.

गणिताच्या पेपराला मी पहिली पानं निवांत, सुवाच्य अक्षरात लिहीत बसले. शेवटची दोन गणितं वाचली. दोन्ही येत होती. चाचा, दोन्ही येत होती. पहिल्याची एक ओळ लिहिली आणि बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली.

आठव्या दिवशी मी दुकानात आले. तुम्ही मला ओळखलंत, शिडीकडे वळलात.

मी म्हटलं, "घड्याळ नको."

"मग? इरली हौस?"

"मला दोन गणितं पाहिजेत. माळ्यावर आहेत का? असतील तर काढा."

तुम्ही शिडीला हात लावून तसेच उभे राहिलात. मग मी सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडले. दुकानात तेव्हाही गिऱ्हाईक होतं, पण त्या दिवशी मला कुणाची पर्वा नव्हती.

"मग तवा हौस का बोललीस?" तुम्हीही आवाज चढवलात. "मी इचारलं नाय तुला? सरळ इचारलं!"

"चारचौघांत इचारलंत! शीतलच्या आईसमोर! तुमी सगळ्यांपुढं इचारनार आनि वर आमी खरं बोलायचं? तुमाला कुनी असं इचारलं तर तुमी बोलाल?"

तुम्ही शिडी सोडून काउंटरपाशी आलात. मग हातातलं स्टीलचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलंत. "इज्ञानाचे पेपर हायेत ना अजून? ह्ये घाल. दिलेलं नाय, वापरायला दिलंय. शेवटचा पेपर झाला की परत आन."

ते घड्याळ माझ्या हाताला इतकं मोठं होतं की कोपरापर्यंत जायचं. आईने केसांच्या रिबिनीने बांधून दिलं. उरलेले सगळे पेपर मी वेळेत लिहिले. शेवटच्या पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्रावरून तडक दुकानात आले आणि ते परत केलं. तुम्ही कानाला लावून बघितलंत, चालतंय का म्हणून. मी विचारलं, माझं ते तपकिरी कुठं गेलं, तर म्हणालात, "तू नको बोललीस त्याच दिवशी इकलं. मग काय लोनचं घालू त्याचं?"

'चुकलो' मात्र म्हणाला नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

त्या दोन गणितांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण लिहिते. खोपोलीच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरीतही नव्हतं. बाबा म्हणायला लागले, "आर्ट्स घे, नायतर शिवनक्लास लाव." तिसऱ्या यादीत, अगदी खालून दुसरं नाव माझं होतं. दोन गणितांपायी मी एवढ्या काठावर उभी होते. आज कुणी मला हसत हसत म्हणालं ना, की चाचांचा माळा म्हणजे केवढी गंमत, तर मला ती यादी आठवते.

आणि तरी मी तुमच्या दुकानात येत राहिले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कॉलेजातून सुटल्यावर एस.टी.ची वाट बघायला तुमची पायरी बरी पडायची, हे एक. दुसरं म्हणजे तुम्ही बदललात, आणि ते बदलणं बघायला मला आवडायचं. पोर आलं की तुम्ही आता काउंटरच्या बाहेर यायचात. छत्र्यांच्या आडोशाला न्यायचात आणि हळू आवाजात विचारायचात, "कधी लागनार ह्ये?" पोराने तारीख सांगितली, परीक्षा, इंटरव्ह्यू, बहिणीचं लग्न, की वस्तू हातात. तारीख नसली की माळा. "गरजेला तारीक असते," तुम्ही मला सांगितलंत, जसं काही हे तुम्हाला आपोआप सुचलं होतं. "हौसेला नसते." मी म्हटलं, हे कुणामुळे कळलं? तुम्ही म्हणालात, "चा घेनार का?"

त्यावरूनही आपण भांडलोच. आठवते का ती वीटभट्टीवरची मुलगी? सतरा-अठराची असेल. नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणि एक आरसा घ्यायला आली होती. तारीख नाही, म्हणून तुम्ही तिचं पुडकं माळ्यावर टाकलंत, आणि ती मान खाली घालून गेली. मी म्हटलं, "चाचा, ती सहा दिवस विटा वाहते. तिच्या नखांत माती आहे. लाल रंग ही तिची गरज नाही हे तुम्ही कोण ठरवणार?"

"मग कोन ठरवनार?"

"ती."

"ती पोर हाय."

"मी पण पोरच होते. माझं घड्याळ माळ्यावर टाकून काय मिळालं?"

"आनि त्या गाड्या येतात ना फार्महाऊसवाल्यांच्या," मी थांबलेच नाही, "त्यांची पोरं येतात, चार-चार गॉगल घेऊन जातात. त्यांचे का नाही टाकत माळ्यावर?"

तुम्ही चटकन म्हणालात, "ती माझी पोरं न्हाईत."

ते कबूल. पण त्या मुलीबद्दल मी बरोबर होते, चाचा. ती आठव्या दिवशी आली नाही, कारण त्या आठवड्यात भट्टीवर तिला सुट्टीच मिळाली नाही. तुमचे आठ दिवस ज्याच्या हातात आठ दिवस आहेत त्याच्यासाठी होते. हे भांडण मी जिंकलं होतं, आणि तुम्ही ते कबूल न करताच गेलात.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पहिली, आणि आमच्या आळीतही पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. मोहोपाड्याला कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पहिला पगार घेऊन सगळ्यात आधी तुमच्या दुकानात आले आणि चाकांची मोठी बॅग मागितली. जांभळी. तुम्ही ती वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलात.

"चाचा! मी एकवीस वर्षांची आहे. नोकरी करते."

"किती दिवसांची नोकरी?"

"एक महिना."

"मग तू एक मयन्याची हायेस."

दुकानातले सगळे हसले, आणि या वेळी मीही खरंच हसले. आठव्या दिवशी येऊन बॅग घेऊन गेले, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. आता खरं सांगते. ती बॅग मी आजवर एकदाही वापरलेली नाही. घर ते मोहोपाडा जायला चाकांची बॅग कशाला लागते? चौथ्या दिवशीच मला ती नकोशी झाली होती. केवळ तुम्हाला जिंकू द्यायचं नाही म्हणून आठव्या दिवशी आले. ती कपाटावर आहे, आई तिच्यात गोधड्या ठेवते.

तुम्ही आजारी होता तेव्हा मी दोनदा आले. दोन्ही वेळा आपण हवेबद्दल बोललो, रस्त्याबद्दल बोललो. ते रिबिनीने बांधलेलं घड्याळ नसतं तर विज्ञानाचेही पेपर गेले असते आणि तिसऱ्या यादीतही माझं नाव लागलं नसतं, हे मला म्हणायचं होतं. तुमच्या उशाला औषधांच्या शेजारी तेच घड्याळ होतं. मी बघितलं, तुम्ही बघितलं मी बघितलेलं, आणि मी म्हटलं, "निघते चाचा, एस.टी. जाईल."

तुम्ही गेल्यानंतर पंचवीस दिवसांनी आमच्या जुन्या शाळेने मला माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं. पैसे कसे वापरावेत यावर बोलायला बाहेरून एक साहेब आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत होते. "मुलांनो, मोबाईल गरज की चैन?" सगळी मुलं एका सुरात, "चैन!" साहेब खूश. चाचा, त्यातल्या निम्म्या मुलांचे कॉलेजचे फॉर्म, निकाल, शिष्यवृत्ती सगळं त्या मोबाईलवर येतं. त्यांना ते पक्कं माहीत होतं. पण भर सभेत विचारलं की पोरं विचारणाऱ्याला आवडेल तेच सांगतात. माझ्या कानात ठसक्यातलं "हौस!" वाजलं. मला माईक दिला तेव्हा मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पॉइंट इंटरेस्टिंग आहे," आणि पुढचं चित्र लावलं.

तिथून तणतणत मी शिळफाट्यावर उतरले. आणि तुमच्या दुकानावर फलक: 'शून्य भरा, आजच फोन न्या.' तुमच्या मुलाने, रिझवानने, बॅगा-छत्र्या अर्ध्यावर आणल्या होत्या, उरलेल्या जागेत मोबाईल. शिडी बाहेर गटाराच्या कडेला टेकवलेली. आत काउंटरपाशी एक सतरा वर्षांचा मुलगा, काकाच्या कागदांवर हप्त्याचा फोन घेत होता, आणि काका हप्ता कोण भरणार हे न विचारता सही करत होता.

मी रिझवानला म्हटलं, "माळा काढतोयस?"

"सुतार उद्या येनार हाय, ताई. काचेचं शोकेस बनवनार."

"बापाला जाऊन महिना झाला नाही!"

तो चिडला. बरोबर तुमच्यासारखा, आधी गप्प आणि मग एकदम. "तुमाला माळा दिसतो, ताई. तुमी पायरीवर बसून चा प्यायचात. आमी त्याच्या खाली जगलो. मला सोळाव्या वर्षी मोबाईल दुरुस्तीचा कोर्स करायचा होता. जेवताना अब्बूंना सांगितलं. आम्मी, बहीन, मावशी, सगळे बसलेले. तर काय म्हनाले? 'गरज का हौस?' मी काय बोलू? गरज म्हनलो असतो तर त्याचा अर्थ दुकान पुरत नाय, बाप कमी पडतो. मावशीसमोर! मी हौस म्हनलो. आठ दिवसांत अॅडमिशन बंद झालं."

मी त्याच्याशी भांडायला आले होते. उभ्याउभ्या माझा सगळा राग तुमच्याकडे वळला. चाचा, ही काय रीत झाली? दुकानात माझ्या ओरडण्यावरून शहाणे झालात, लोकांच्या पोरांना छत्र्यांच्या आडोशाला नेलंत, आणि स्वतःच्या पोराला भरल्या ताटावर, सगळ्यांदेखत विचारलंत? मी तुम्हाला फुकट शिकवलं का? फार्महाऊसवाल्यांची पोरं तुमची नव्हती, कबूल. रिझवान कुणाचा होता?

तो मुलगा आणि त्याचा काका आमच्याकडे बघत होते. मी रिझवानला हळू आवाजात म्हटलं, "फोन विक. बोर्ड ठेव. दुकान तुझं आहे, आणि तुझं घर चालायला पाहिजे, ही गरजच आहे. पण जे पोर एकटं येईल, नाहीतर न विचारणारा काका घेऊन येईल, त्याला कुणीतरी बाजूला नेऊन विचारायला हवं. तुला कुणी नेलं नाही. मलाही नेलं नव्हतं."

"मला नाय जमनार, ताई. तो प्रश्न तोंडात आला की मला माझंच ताट आठवतं."

"मग मी विचारते. रविवारी मला सुट्टी असते."

त्याने बाहेरच्या शिडीकडे बघितलं. मग म्हणाला, "आठ दिवस बघू." आणि स्वतःच दचकला, आपण काय बोललो म्हणून. मला हसू आलं. त्यालाही.

सुताराला त्याने शोकेस समोरच्या भिंतीला करायला लावलं. शिडीच्या दोन पायऱ्या मोडल्या होत्या, त्या त्याच सुताराकडून बसवून घेतल्या.

पहिल्या रविवारी माझ्यापुढे तिघं आली, एकेक करून, मागच्या खोलीत. तिथे खोकी आणि एक स्टूल आहे. मी 'गरज का हौस' विचारत नाही. कधी लागणार विचारते, नाही मिळालं तर काय अडेल विचारते, आणि परत यायला जमेल का हेही विचारते. वीटभट्टीवरच्या मुलीमुळे. एका मुलाला गेम खेळायला मोठा फोन हवा होता, त्याने सरळ सांगितलं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. एकाला मित्रांकडे आहे तसाच हवा होता. तिसरी मुलगी आली ती दारातच म्हणाली, "ताई, माझी काय गरज नाय हां, अशीच हौस हाय." मान ताठ. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "आता बोल." थोड्या वेळाने कळलं की नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, चार दिवस राहिले होते, आणि घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर टेंपोवर जायचा. मी रिझवानला हाक मारली. तिचा फोन माळ्यावर गेलाच नाही. तिच्या आईला बोलावून रिझवानने तिथल्या तिथे कागद केले, आणि फॉर्मही दुकानातच भरून दिला.

काल दुसरा रविवार होता, आठवा दिवस. गेमवाला आला नाही. दुसरा मुलगा आला आणि म्हणाला, अजून हवा आहे. रिझवान शिडी चढला, वर्तमानपत्रातलं पुडकं काढलं, त्याच्या हातात दिलं. एक अक्षर बोलला नाही.

जाकीट खिळ्यावरच आहे. माळा जागेवर आहे. आणि तुमच्या दुकानात आता कुठल्याही पोराला चारचौघांत विचारत नाहीत.